घर भाड्याने देताना : विश्वास आणि कागद

(युवक-युवतींच्या शिबिरातील व्याख्यानाचं शब्दांकन)



सकाळपासून शिक्षण, नोकरी, संविधान असे विषय झाले. माझ्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने रुक्ष आहे. घर भाड्याने देणाऱ्याला, घरात पैसे गुंतवणाऱ्याला कोणते प्रश्न पडतात आणि त्यांची उत्तरं काय, हे मला सांगायचं आहे. तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, राहायलाच स्वतःचं घर नाही, भाड्याने काय देणार? पण जरा आजूबाजूला बघा. कुणाच्या वडिलांनी घरावर मजला चढवून दोन खोल्या काढल्या आहेत. कुणाचे मामू कुवेतला आहेत आणि त्यांच्या पनवेलच्या फ्लॅटची किल्ली तुमच्या घरी आहे. कुणी पाच वर्षांच्या पगारातून फ्लॅट बुक केला आहे. गुंतवणूकदार म्हटलं की मोठी गाडी आणि सूटबूट डोळ्यांसमोर येतो. आपल्यातला गुंतवणूकदार म्हणजे निवृत्तीचा सगळा पैसा एका वन आरकेत घालणारे मास्तर, किंवा भाड्याच्या आठ हजारांवर घर चालवणारी एखादी खालाजान. त्यांची एक चूक झाली तर दुसरं घर नसतं.

मी वकील नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आठ वर्षं भाडेकरू होतो, आता पाच वर्षं एका लहान फ्लॅटचा घरमालक आहे. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्याकडचे बहुतेक तंटे माणसं वाईट असतात म्हणून होत नाहीत, लिहिलेलं नसतं म्हणून होतात. ‘आपलाच माणूस आहे, कागद कशाला’ या वाक्याने जितकी नाती तोडली, तितकी भांडणांनी तोडली नसतील. खरं तर हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. साक्षीदार किती हवेत, लिहिणाऱ्याने कसं लिहावं, इथपर्यंत त्यात आहे. जुम्म्याला आपण ती ऐकतो आणि शनिवारी तोंडी बोलीवर घर देऊन मोकळे होतो.

आता एकेक प्रश्न घेऊ.

भाड्यातून हप्ता सुटतो का?

पहिला प्रश्न हिशेबाचा. समजा, फ्लॅट ४५ लाखांचा आहे आणि भाडं १४ हजार. वर्षाचे झाले १ लाख ६८ हजार. एक भाडेकरू गेला आणि दुसरा येईपर्यंत महिना रिकामा गेला, तर १४ हजार वजा करा. सोसायटीचा मेंटेनन्स महिना दोन हजार धरला तर २४ हजार. घरपट्टी आठ हजार. रंग, नळ, गीझर, दुरुस्ती मिळून दहा हजार. हातात उरले १ लाख १२ हजार, म्हणजे ४५ लाखांवर अडीच टक्के. आता याच घरासाठी ३६ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता महिन्याला ३१ हजारांच्या पुढे जातो. भाडं १४ आणि हप्ता ३१. ‘भाड्यातून हप्ता सुटेल’ असं सांगणारा एजंट हा हिशेब मांडत नाही.

याचा अर्थ घर घेऊ नका असा नाही. किंमत वाढते, म्हातारपणी आधार होतो. पण सगळी पुंजी एका घरात घालून दवाखान्यासाठी हात पसरावा लागणार असेल, तर ती गुंतवणूक नाही. बाजूला सहा महिन्यांचा खर्च ठेवूनच या वाटेला जा.

आणि घेताना इमारतीचे कागद बघा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की मंजुरी, मुदत, बिल्डरवरच्या तक्रारी फुकट दिसतात. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जुन्या इमारतीत भोगवटा प्रमाणपत्र मागा. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ जीव गेले. वरचे मजले बांधले जात असतानाच खाली कुटुंबं राहायला आली होती. स्वस्त मिळतंय म्हणून अशा इमारतीत खोली घेणारा आणि ती भाड्याने देणारा, दोघेही तितकेच गरजू असतात. पण देणाऱ्यावर जबाबदारी जास्त असते, कारण आत राहणार आहेत ती दुसऱ्याची मुलं.

भाडेकरू घर बळकावेल का?

घरमालकाच्या मनातली सगळ्यात मोठी भीती ही. तिच्यामागे इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला इतकं संरक्षण दिलं की भाडं जागच्या जागी गोठलं आणि घर परत मिळणं जवळजवळ अशक्य झालं. म्हणून मालकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’ची वाट काढली. यात राहणारा भाडेकरू नसतो, त्याला फक्त राहायची परवानगी दिलेली असते. पुढे १९७३ मध्ये कायदा बदलला आणि त्या वर्षी १ फेब्रुवारीला जे लायसन्सवर राहत होते, त्यांनाही भाडेकरूचा दर्जा मिळाला. मुंबईतल्या मालकांच्या एका पिढीने त्याचा असा धसका घेतला की घर रिकामं ठेवू, पण देणार नाही. ती भीती घराघरांत उतरली.

पण आज कायदा तो नाही. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी लायसन्सवर दिलेलं घर मुदत संपल्यावर रिकामं झालं नाही, तर दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालावे लागत नाहीत. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदत संपल्यानंतरच्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. आणि लेखी करारात जे नमूद आहे, ते तिथे निर्णायक पुरावा मानलं जातं. लेखी करारच नसेल, तर यातलं काहीच हाताशी राहत नाही.

‘बारा वर्षं राहिला की मालक होतो’ हे वाक्य प्रत्येक मोहल्ल्यात ऐकायला मिळतं. ते भाडेकरूला लागू होत नाही. बारा वर्षांचा नियम मालकाच्या हक्काला आव्हान देऊन, उघडपणे जागा ताब्यात ठेवणाऱ्याबद्दल आहे. तुमच्या परवानगीने राहणारा वीस वर्षं राहिला तरी परवानगीनेच राहिला. फक्त परवानगी दिली होती हे सिद्ध करता आलं पाहिजे. ते कशाने होणार? कागदाने.

अकरा महिन्यांचा करार पुरेसा आहे ना?

अकरा महिन्यांची प्रथा का पडली? देशाच्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. नोंदणी टाळायची म्हणून अकरा महिने. पण महाराष्ट्रात ही पळवाट बंद आहे. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदत अकरा महिन्यांची असो की साठ महिन्यांची. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. खोटं असेल तर तुम्ही सिद्ध करायचं. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली असं अनेकांना वाटतं. ती नोंदणी नाही.

खर्च फार येतो का? संपूर्ण मुदतीचं भाडं, आणि परत करायच्या अनामत रकमेवर वर्षाला दहा टक्के, अशी बेरीज करून तिच्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागतं. शहरी भागात नोंदणी फी एक हजार. महिना १४ हजार भाडं आणि ५० हजार अनामत असेल, तर अकरा महिन्यांसाठी सगळा सरकारी खर्च दोन हजारांच्या आत बसतो. आधार आणि बोटांचे ठसे वापरून नोंदणी ऑनलाइन होते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावंही लागत नाही. दोन हजार वाचवण्यासाठी ४५ लाखांचं घर विनाकरार देणं याला काटकसर म्हणत नाहीत.

पोलिसांचंही ऐकून ठेवा. शहरांत पोलीस आयुक्त भाडेकरूची माहिती देण्याचे आदेश काढतात आणि ती न दिल्यास गुन्हा दाखल होतो. ही माहिती ऑनलाइन देता येते. ती फक्त माहिती आहे, पोलिसांची परवानगी मागायची नसते. सोसायटीलाही कळवायचं असतं, कराराची प्रत द्यायची असते. आदर्श उपविधींप्रमाणे घर भाड्याने देण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही. आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे बिगरभोगवटा शुल्क घेते, ते १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही.

करारात काय लिहायचं?

आमच्या कामात प्रोग्राम लिहिताना सगळं सुरळीत चाललं तर काय होईल, याचा विचार कमी असतो. बिघडलं तर काय होईल, याचा जास्त करावा लागतो. भाडेकरारही तसाच लिहा. मधेच सोडून जायचं असेल तर किती दिवसांची नोटीस? अनामत किती दिवसांत परत? त्यातून काय कापता येईल आणि काय नाही? गळका पाइप कुणी दुरुस्त करायचा, गॅसच्या शेगडीचा बर्नर कुणी बदलायचा? भाडं दर वर्षी किती वाढणार? ओळखीच्या एका भाडेकरूची ४० हजारांची अनामत ‘रंगाचे’ म्हणून पूर्ण कापली गेली, कारण करारात रंगाचा उल्लेखच नव्हता. किल्ली देण्याआधी मोबाइलवर घराचा व्हिडिओ काढा, वीज मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, आणि दोन्ही भाडेकरूलाही पाठवा. दहा मिनिटांचं काम आहे.

भाडं बँकेतून घ्या. रोख घेतलंत तर पावती द्या. भाड्याचं उत्पन्न आयकर विवरणात दाखवा. घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेवर तीस टक्के सरसकट वजावट मिळते, त्यामुळे घाबरण्यासारखं नसतं. मालक परदेशात राहणारा, म्हणजे अनिवासी असेल, तर करपात्र भाडं कितीही लहान असलं तरी भाडेकरूने कर कापून भरायचा असतो. आखातात असलेल्या नातेवाइकांची घरं सांभाळणाऱ्यांनी हे भाडेकरूला आधीच सांगायला हवं. त्यांच्या वतीने सही करायची असेल, तर रीतसर कुलमुखत्यारपत्र हवं.

आणि भाडं थकलं म्हणून पाणी तोडणं, कुलूप बदलणं, सामान जिन्यात काढून ठेवणं, हे करू नका. करार नोंदवलेला असेल तर कायद्याची वाट आहे. नसेल तर ‘दोन पोरं पाठवू’ अशी भाषा सुरू होते आणि उद्या पोलीस ठाण्यात उभे तुम्ही असता.

हेवी डिपॉझिट

मुंबई-ठाण्याकडच्यांना हा प्रकार माहीत आहे. आठ लाख डिपॉझिट द्या, भाडं शून्य, दोन-तीन वर्षांनी आठ लाख परत. दोघांनाही वाटतं, आपला फायदा झाला. पण मालकाने ते आठ लाख कुठे ठेवले? बहुतेक वेळा बहिणीच्या लग्नात, नाहीतर दुसऱ्या खोलीत घातले. मुदत संपली की परत द्यायला पैसे नसतात. मग नवा भाडेकरू शोधायचा, त्याच्या आठ लाखांतून जुन्याचे भागवायचे. ही साखळी जिथे तुटेल, तिथला माणूस बुडतो. इमारत पाडायचा आदेश आला तर सगळेच बुडतात.

दुसरी बाजूही बघा. आठ लाख उसने दिले आणि त्याच्या बदल्यात घर वापरायला मिळालं, तर तो वापर कशाचा मोबदला झाला? व्याजापासून दूर राहायचं म्हणून बँकेच्या दारात न जाणारी माणसं हा व्यवहार बिनदिक्कत करतात. कर्जावर मिळणारा लाभ म्हणून अनेक उलेमांनी त्यावर आक्षेप घेतला आहे. गंमत म्हणजे सरकारही तसंच बघतं. मघाशी सांगितलेल्या मुद्रांक शुल्काच्या हिशेबात आठ लाखांच्या अनामतीवर वर्षाला ८० हजार भाड्यासारखे धरले जातात. म्हणून साधी रीत बरी. दोन-तीन महिन्यांची अनामत आणि वाजवी भाडं घ्या. अनामत खर्चू नका, ती तुमची नाही. भाडेकरूची अमानत आहे.

घर नक्की कुणाचं?

आपल्या घरांत या प्रश्नाला सगळे टाळतात. भाऊ दुबईहून पैसे पाठवतो, फ्लॅट इथल्या भावाच्या एकट्याच्या नावावर होतो. मनात पाप नसतं. पण २०१६ च्या दुरुस्तीनंतर बेनामी मालमत्तेचा कायदा कडक झाला आहे. भावाच्या पैशाने घेतलेल्या घराच्या कागदांत दोघांची नावं सहमालक म्हणून असतील आणि पैशाचा स्रोत दाखवता येत असेल, तर व्यवहार अपवादात बसतो. एकाचंच नाव असेल तर बेनामी ठरण्याचा धोका आहे. आणि उद्या दोघांपैकी एकाचा इंतकाल झाला तर वहिनी आणि पुतणे कोणता कागद दाखवणार?

वडिलांचं घर वारशाने आलं असेल तर आणखी जपा. सोसायटीत नॉमिनी म्हणून थोरल्याचं नाव आहे म्हणून तो मालक होत नाही. नॉमिनेशनने वारसांचे हक्क संपत नाहीत. समजा अब्बा गेले. मागे अम्मी, दोन भाऊ, एक बहीण. घराचं भाडं १६ हजार येतं. शरियतच्या हिश्श्यांप्रमाणे अम्मीचे दोन हजार, प्रत्येक भावाचे ५ हजार ६०० आणि बहिणीचे २ हजार ८००. आता मला सांगा, तुमच्या ओळखीतल्या किती घरांत दर महिन्याला बहिणीच्या खात्यात २ हजार ८०० जमा होतात? ‘तिच्या लग्नात खर्च केला’, ‘ती मागत नाही’, ‘तिने हक्कसोडपत्रावर सही केली’ ही उत्तरं आपण ऐकतो. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही म्हणजे राजीखुशी नव्हे. वैयक्तिक कायद्यावर तावातावाने बोलणाऱ्या समाजाने निदान त्या कायद्याने दिलेला बहिणीचा वाटा तरी द्यावा. तिचा वाटा लिहा, भाडेकरारात तिचं नाव सहमालक म्हणून घाला, आणि भाडं थेट तिच्या खात्यात जाऊ द्या.

आपण कुणाला नाकारतो?

शेवटचा मुद्दा. नाव सांगितल्यावर ‘घर आत्ताच गेलं’ हे उत्तर इथल्या बऱ्याच जणांनी ऐकलं आहे. मी नोकरीला लागल्यावर एका महिन्यात अकरा घरं पाहिली. नऊ ठिकाणी फोनवर होकार होता. आडनाव कळल्यावर तो मावळला. संविधानाचं कलम १५ भेदभाव मना करतं, पण ते मुख्यतः शासनाला बांधतं. खासगी घरमालकाने धर्म बघून नकार दिला तर थेट दाद मागायला स्पष्ट कायदा नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व पारशांपुरतं ठेवण्याचा नियम वैध ठरवला, तेव्हा ही मर्यादा स्पष्ट झाली. असा कायदा हवा, यासाठी आपण बोलत राहिलं पाहिजे.

पण कायदा होईपर्यंत एक गोष्ट आपल्या हातात आहे. आपण घरमालक झालो की काय करतो? एकट्या मुलीला देत नाही. घटस्फोटित बाईला देत नाही. दुसऱ्या जमातीच्या, दुसऱ्या मसलकच्या माणसाला देत नाही. बिहारहून आलेल्या कारागिराला दुप्पट डिपॉझिट सांगतो. आपल्याला घर मिळत नाही म्हणून ठरावीक वस्त्यांत गर्दी होते, गर्दीमुळे भाडी चढतात, आणि त्या चढलेल्या भाड्याचा फायदा घेणारे पुष्कळदा आपलेच असतात. भाडेकरूची पडताळणी जरूर करा. नोकरी बघा, आधीच्या मालकाला फोन करा, ओळखपत्र घ्या. पण ज्या कारणासाठी तुम्हाला नाकारलं गेलं, ते कारण तुमच्या तोंडी येऊ देऊ नका.

शिबिरातून घरी गेल्यावर एवढंच करा. घरात कुठली खोली, गाळा, फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर त्याचा करार शोधा. नोंदवलेला आहे का, मुदत संपली आहे का, मालक म्हणून कुणाकुणाची नावं आहेत, अनामत आज कुठे आहे, हे चार प्रश्न अम्मी-अब्बांना विचारा. उत्तर नसेल तर त्यांच्यावर रागावू नका. त्यांच्या काळी ऑनलाइन नोंदणी नव्हती. लॅपटॉप तुमच्याकडे आहे. पुढचं काम तुमचं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.